तळघरातली चाळीस मिनिटं

"चाळीस मिनिटं म्हणजे चाळीस मिनिटं! एकेचाळिसावं लागलं तर दुकानाला टाळं लावीन!"

घड्याळजींनी छाती फुगवून सांगितलं. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला वेळेचं कोण शिकवणार? गाडी मेहुण्याची, विजेवर चालणारी. लेकीची मुलाखत तीन वाजता, रस्ता अर्ध्या तासाचा, आणि आत्ता कुठे एक वीस. तळघरातल्या चार्जरला गाडी जोडली, पडद्यावर चाळीसचा आकडा आला, बाप-लेक आत बसले. गारठा असा की दात वाजावेत. घड्याळजींनी हीटर पूर्ण सोडला.

पाच मिनिटांत तळघरातले दिवे गेले. आपोआप!

"बाबा, टॅक्सी करू या ना."

"गप गं! हालचाल नसली की बंद होतात ते."

त्यांनी दार उघडून हात हलवला. दिवे आले. जरा टेकतात तोच पुन्हा गेले. बॉनेटखाली कुणीतरी लांब उसासा सोडला. मग थांबला. मग पुन्हा सोडला.

लेकीनं पडद्याकडे बोट केलं. बावन्न मिनिटं!

घड्याळजींनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं. ते नीट चालत होतं. मागे पडणारी घड्याळं त्यांनी ढिगानं पाहिली होती, पण कमी व्हायचं सोडून वाढत जाणारी वेळ? बघता बघता पडद्यावर एक तास दहा मिनिटं झाली. त्यांना दरदरून घाम फुटला. तो हीटरचा, असं ते लेकीला म्हणाले.

टक्. टक्.

धुरकटलेल्या काचेवर नुसताच एक हात!

"आई गं!" बाप-लेक एका सुरात ओरडले.

हातामागे पहारेकरी होता. "अहो, आधी तो उसासे टाकणारा हीटर बंद करा! हा हळू भरणारा चार्जर. जेवढी वीज येते, तेवढी तुम्ही शेकायला वापरताय. असं उद्यापर्यंत भरणार नाही!"

घड्याळजींचा चेहरा पडला. सव्वादोन वाजले होते. लेकीची नोकरी आपल्या हट्टापायी चालली!

"समोरून बस मिळेल," पहारेकरी म्हणाला. "मी एकटा कधी खाली येत नाही हो. पण कॅमेऱ्यात तुमच्या गाडीत तिघं दिसले, म्हटलं सोबत आहे."

"तिघं?"

तेवढ्यात दिवे गेले.

पुढचं कुणालाच नीट आठवत नाही. एवढं खरं की पहारेकरी जिन्यावर पहिला होता, आणि बसमध्ये घड्याळजी लेकीच्या आधी चढले. पोचले तेव्हा तीनला दहा कमी होते!

"बाबा," लेक धापा टाकत म्हणाली, "माझा कोट मागच्या सीटवर टांगलेला राहिला. तोच तो तिसरा!"

"मला तेव्हाच कळलं होतं," घड्याळजी म्हणाले.

कोटाविनाच तिला नोकरी मिळाली. घरात आनंदीआनंद झाला. तिसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन आला.

"भावजी, माझी गाडी?"

"भरतेय अजून," घड्याळजी म्हणाले. "दिवसाउजेडी तूच ये की घेऊन. आणि हो, खाली जाताना कुणालातरी बरोबर ने."