मंजुळामावशीचे 'अवो'

आमच्या शेजारची मंजुळामावशी कुत्र्याला 'अवो' बोलते. "अवो, जेवायला या." "अवो, पाय पुसून आत या." पयल्या दिवशी मी भिंतीपलीकडून ऐकलं तर मला वाटलं तिचा नवरा आला बोटीवरनं, म्हणून मी घाईघाईत गाऊनवर ओढणी टाकली, केस बांधले, माझ्या पोरीला, पिऊला काखेत मारलं आनि बघायला गेली. ओट्यावर एक काळं कुत्रं बसलेलं, एक कान फाटलेला, आनि मावशी त्याच्यापुढं उकिडवी बसून विचारत होती, "अवो, अजून भात घालू?"

मी लांबूनच परत आली. मला कुत्र्याची खूप भीती वाटते. तशी मला सगळ्याचीच वाटते, गॅसची वाटते, पिऊला ताप आला तर वाटते, नाय आला तरी येईल म्हणून वाटते.

आमी बोईसरजवळ पामला राहतो, रस्त्याला लागूनच खोल्यांची एक ओळ हाय, पुढं सगळ्यांना मिळून एकच ओटा. माझा नवरा दिनेश कंपनीत जातो, रातपाळी असली की दिवसा झोपतो, तो झोपला की पिऊला गप करायचं, पिऊ गप झाली की कुकर बोंबलतो, कुकर गप केला की बाजूचा टीव्ही, आनि आता हे कुत्रं. मी मनोरकडची, लग्नाआधी शेतात लावणी केलीय, पन एवढी कधी दमली नव्हती.

मावशी चिंचणीची. सुकी मच्छी विकते बोईसरच्या बाजारात, टोपलीत बोंबील, जवळा, सगळं असतं. तिच्या तोंडात 'ळ' नाय. बाळाला बाल बोलते, नळाला नल, आनि काय पन सांगितलं की शेवटी "कललं?" नाय कळलं असं आमच्या ओळीत कोणी बोलत नाय, कारन मग ती पयल्यापासून सांगते.

मी दिनेशला नावानंच हाक मारते. आमी एका शाळेत होतो, मी आठवीत सोडली, तेव्हापासूनची सवय. पन मी "ए दिनेश" बोलली की मावशी दोन्ही कानांवर हात ठेवते. एकदा मला बाजूला घेऊन बोलली, "नवऱ्याचं नाव घेतलं की तेचं आयुष्य कमी व्हतं. दर हाकेला एक दिवस. कललं?" झालं, मी घाबरली. पुढं आठवडाभर मी दिनेशला "ए, ऐक ना" करत राहिली, शेवटी तोच कंटाळला, बोलला, "मला नाव हाय की नाय?"

हळदीकुंकवाला सगळ्या बायांनी नाव घेतलं, दोन-दोन ओळींचं जुळवून, मी पन लाजत घेतलं. मावशीची पाळी आली तर बोलली, "माझी भाजी करपते," आनि उठून गेली. तिच्याकडं त्या दिवशी भाजीच नव्हती, मीच तिला संध्याकाळी वाटीभर दिली. तिचा नवरा बोटीवर हाय एवढंच ती सांगायची. मी आल्यापासून तो काय आला नव्हता. नळावर बाया काय काय बोलायच्या, मी हंडा भरून निघून यायची.

आता कुत्र्याचं. नाक्यावर एका भैयाची चहाची टपरी होती, हे कुत्रं त्याचं. भैया त्याला "कालू, ए कालू" करायचा, खारी टाकायचा. मग भैया गावाला गेला तो आलाच नाय. टपरीला पत्रा लागला, आनि कुत्रं त्या पत्र्यापुढं बसून राहायला लागलं, येणाऱ्या रिक्षाकडं बघत. मावशी रोज तिथनं टोपली घेऊन जायची. एक दिवस थांबली आनि बोलली, "आता किती बसनार, चला." आनि ते उठून तिच्या मागं आलं. हे मला तिनंच सांगितलं. मी बोलली, "मावशी, कुत्र्याला 'चला'?" ती बोलली, "मग काय 'चल'? नवीन मानूस घरात येतो तर."

सगळ्या ओळीला माहीत त्याचं नाव कालू हाय. मावशी तेवढंच नाव सोडून सगळी नावं ठेवून बघायची. सोमवारी टायगर, मंगळवारी मोती, मधी दोन दिवस बंड्या. कुत्रं तिच्या डोक्यावरनं लांब बघत बसायचं, जसं काय दुसऱ्या कोणाला बोलवतायत.

"मावशी, त्याला कालू बोला, लगेच येल."

"तें नाव नको."

"पन का?"

"नको. कललं?"

नाय कळलं, पन गप बसली. असं करत करत ते 'अवो' झालं.

मग एक दिवस खोल्यांचे मालक आले, आमी त्यांना शेठ बोलतो. शेठनी ओट्यावर पाय ठेवला तो नेमका कुत्र्याच्या शूमध्ये. पांढरी मोजडी होती. ते ओरडले नाय, तेच जास्त वाईट. हळू बोलले, "मावशी, परत असं दिसलं तर मी ह्याला टेम्पोत घालून हायवेला सोडून येईन."

खरं सांगू, मला बरं वाटलं. पिऊ त्याचा कान धरायची, तोंडात बोट घालायची, माझा जीव वर-खाली व्हायचा. पन मावशीचा चेहरा बघितला आनि मग बरं वाटलं त्याचंच वाईट वाटलं.

"शिकवते मी तेंना," मावशी बोलली.

शेठनी इकडं तिकडं बघितलं. "कोणाला?"

"यांना," बोलून तिनं कुत्र्याकडं हात केला.

तेव्हाच पिऊचं पन लंगोट सोडवायचं चाललं होतं आनि मी हरलेली होती, गोधड्या वाळायच्या नायत, दिनेश नाकाला रुमाल लावून जेवायचा. मावशी बोलली, "आन तिला पन. दोघांना एकदम शिकवते." दुसऱ्या सकाळपासून गटाराच्या कडेला वर्ग चालू. एका बाजूला पिऊ बसवलेली, एका बाजूला कुत्रं, आनि मधी मावशी बोलते, "शूऽऽऽ."

आता आपन पोराला शू बोलतो. पन कुत्र्याला 'छू' बोललं की ते अंगावर जातं, हे कोणाच्या लक्षातच नाय. मावशीनं शू केलं आनि कुत्रं सुटलं ते समोरनं येणाऱ्या गॅसवाल्यावर. गॅसवाला सिलिंडर खाली टाकून त्याच्यावरच चढला आनि तिथनं हिंदीत आईबापाला हाका मारायला लागला. मावशी पाठीमागनं शांत, "अवो, तसं नाय. बसा. परत करू."

रोज तेच. शू बोललं की कुत्रं कोणावर तरी धावायचं आनि पिऊ तिथंच करायची. पिऊ तर एवढी शिकली की कुठं पन शू ऐकू आलं की तिला व्हायची. कुकरची वाफ निघाली, झाली. नाक्यावर भजी तेलात सोडली, झाली. मी हातात फडकं घेऊनच फिरायची.

मग मावशीनं शोध लावला की कुत्र्याला लाज वाटते. "चार मान्सांच्या पुढं कसं व्हनार तेंना? तुला जमंल?" तिनं घरातली काळी छत्री आणली, उघडून त्याच्यापुढं आडवी धरली, आनि स्वतः तोंड फिरवून उभी राहिली. आनि काय सांगू, झालं. पायपुसण्यावर नाय, ओट्यावर नाय, गटारातच झालं. मावशीनं पूर्ण ओळीला एक-एक मूठ जवळा वाटला. त्या दिवसापासून कुत्रं छत्रीचं झालं. बाजूच्या खोलीतल्या क्लासच्या सरांनी उन्हाला छत्री उघडली तर त्यांच्या पँटीजवळ जाऊन पाय वर केला. सर आता टोपी घालतात.

पन छत्री असून पिऊसाठी शू बोलायचं मावशीनं काय सोडलं नाय.

त्या दिवशी दुपारी दिनेश झोपलेला, मी भांडी घासत होती. मावशी पिऊला घेऊन गटाराशी बसली, कुत्रं बाजूला. तिनं शू केलं आनि समोरनं एक बाईक गेली. कुत्रं बाईकमागं रस्त्यावर, आनि पिऊ कुत्र्यामागं, "अओ, अओ" करत. मी राखेच्या हातानं धावली, पिऊचा फ्रॉक कॉलरला धरला आनि तिला उचलून छातीशी दाबली, ती एवढी रडली की मला दुसरं काय ऐकू येईना. बाईक गेली निघून. कुत्रं रस्त्याच्या बरोबर मधी उभं, गोंधळून. आनि कंपन्यांकडनं टँकर येत होता, मोठा, आनि तो काय हळू येत नव्हता.

मावशी कडेला उभी राहून हाका मारते, "अवो. अवो. इकडं या." रिक्षा थांबली. पाळीवरनं येणारे दोघं जण वळले. चिंचणीच्या एसटीची वाट बघत बसलेले एक काका उठून उभे राहिले, बोलले, "मला काय?" सगळे बाप्ये आले, कुत्रं नाय आलं. ते टँकरकडंच बघत राहिलं, जसं काय त्यात भैया असेल.

आनि मग मावशी ओरडली, "कालूऽऽऽ."

असा आवाज मी तिचा बाजारात पन ऐकला नव्हता. कुत्रं फिरलं आनि सरळ तिच्या पायात येऊन पडलं. टँकर हॉर्न वाजवत गेला, आमच्या तिघींच्या तोंडावर धूळ.

मला वाटलं मावशी आता हसेल. ती तिथंच रस्त्याच्या कडेला खाली बसली आनि तिनं पदर तोंडात कोंबला.

"वाचला ना मावशी. बघा, काय नाय झालं त्याला."

"मी नाव घेतलं गं," ती बोलली.

"कोणाचं?"

"तेंचं." तिनं तोंडातला पदर काढला. मग बोलली, "तेंचं नाव तेच. कालू. गुजरातकडच्या बोटीवर गेले, येतो बोलले. लोकं बोलतात वलसाडला दुसरं घर केलं. मला म्हाइत हाय लोकं काय बोलतात. करू दे घर. जिते तर हायत ना. मी एवढी वर्सं नाव घेतलं नाय म्हनून जिते हायत." तिनं कुत्र्याकडं बघितलं. "आनि आज यांच्यापायी घेतलं, तें पन वरडून."

पिऊचं नाक गळत होतं. मी काय शिकलेली नाय, मला असल्यातलं काय समजत नाय, पन ती ज्या तोंडानं बसलेली ना, ते मला बघवेना. मी तिच्या बाजूला धुळीत बसली.

"मावशी, त्यांचं नाव शाळेत काय लिवलेलं असेल? काळू ना?"

"तेंच तर बोलली मी."

"नाय. ऐका. हा ळ." मी बोटानं धुळीत काढला, दोन पोरं पाठीला पाठ लावून बसल्यासारखा. "बाळातला ळ. नळातला. भैयाचा कुत्रा कालू, तो 'ल' चा, हिंदीत ळ नसतोच. तुमचे हे ळ चे. बोला बघू, बाळ."

"बाल."

"नळ."

"नल."

"मग? तुमी कुत्र्याचंच नाव घेतलं. त्यांचं तुमाला घेताच येत नाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता पयल्यापासून सांगायला लागेल. पन हळूच बोलली, "मनातल्या मनात घेतलेलं?"

"ते पन ल चंच असेल, मावशी."

"रोज घेतलेलं?"

"रोजचं पन."

तिनं पदरानं तोंड पुसलं. कुत्रं उठलं, गोल फिरलं आनि नेमकं त्या अक्षरावर बसलं. "अवो, सरका," मावशी बोलली आनि हसली, नाकातनं पानी येत होतं तरी.

आता तिला कालू बोलायला हरकत नाय, पन ती अजून अवोच बोलते. शेठ दोनदा येऊन गेले, ओटा कोरडा बघून काय न बोलता गेले. पिऊ बापाला पन अओ बोलते. मी तशीच दमलेली हाय, फक्त फडकं आता कमी लागतं.

परवा संध्याकाळी मावशी वाटीत जवळा घेऊन आली, दारातच उभी राहिली. मी आत या बोलली तर येईना.

"तू तें बोलून दाखव ना," ती बोलली. "तुज्या त्या अक्षराचं. खरं कसं बोलतात तें."

"कशाला मावशी?"

"बोल. तू तेंची कोन नाय, तुला चालतंय."

मी हळूच बोलली, "काळू."

"तसं नाय. हाक मारल्यासारखं."

दिनेश आत झोपलेला, पिऊला आत्ताच खांद्यावर झोप लागलेली. तरी मी ओट्यावर आली आनि हाक मारली, "काळूऽऽ." कुत्रं मावशीच्या पायाशीच होतं, त्यानं नुसती शेपटी हालवली. मावशी मात्र रस्त्याकडं बघत उभी राहिली, येणाऱ्या रिक्षांकडं, वाटी तशीच हातात धरून.

म्हणून मी अजून एकदा हाक मारली.