भाऊरावांचं अर्थिंग

आमच्या पार्ल्याच्या अंगणात सकाळी आंघोळ करून तांब्या घेऊन येणारा माणूस तुळशीला पाणी घालतो. भाऊराव टिपणीस तुळशीला वळसा घालून पुढे जायचे आणि भिंतीलगत जमिनीत पुरलेल्या लोखंडी नळीला पाणी घालायचे. पाण्यात चिमूटभर मीठ. कोणी पाहत उभं राहिलं तर म्हणायचे, "जमीन कोरडी पडली की गाणं घुंघुं करतं."

भाऊराव तार ऑफिसातून निवृत्त झालेले. आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत ते आणि काकू, दोघंच. रेडिओशेजारी त्यांची विजेवर फिरणारी, तबकड्या वाजवायची थाळी होती. तिला स्वतःचा आवाज नव्हता. तिची तार रेडिओच्या पाठीत खोचली की गाणं रेडिओतून यायचं, आणि गाण्याबरोबर घुंघुंही. ती घालवायला थाळीच्या लोखंडी अंगापासून एक तांब्याची तार खिडकीतून बाहेर पडून, मातीखालून त्या नळीपर्यंत नेली होती. हे अर्थिंग. मला ते आठवड्यातून एकदा तरी समजावून सांगायचे.

घरी पाहुणा आला की आधी त्याला रेडिओसमोर बसवत. तबकडी नाही, नुसती थाळी फिरतेय.

"काय ऐकू येतं?"

"काही नाही."

"झकास," भाऊराव म्हणायचे, आणि मग चहा मिळायचा. एकदा विमा उतरवणाऱ्या एजंटाने भिडेखातर "सुरेख गायलीय" असं सांगितलं. त्याला चहा मिळाला नाही.

काकूंचं ऐकणं विषमज्वरात गेलं होतं. अगदी पूर्ण. त्यामुळे चाळीत चेष्टेला ऊत. वरच्या मजल्यावरचे सावंत गॅलरीतून मला विचारायचे, "बायलेक ऐकाक येना, मगे हो गाणी लावता कोणाक?" मी म्हणायचो, "नळीला." दोघंही हसायचो. त्या हसण्याची आज लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

त्या भिंतीलगत मी अळू लावलं होतं. भाऊरावांच्या खाऱ्या पाण्याने नळीच्या बाजूची पानं पिवळी पडू लागली. एका रविवारी कुदळ घेऊन तिथे खणायला लागलो. कुदळ तारेला लागली. पहिला घाव चुकून बसला, हे मी शपथेवर सांगेन. दुसऱ्याबद्दल मला तसं सांगता येत नाही. तार तुटली. मी वर माती ओढली, हात धुतले आणि जेवायला बसलो.

संध्याकाळी भिंतीपलीकडून घुंघुं सुरू झाली.

भाऊरावांनी रेडिओचा प्लग उलटा करून पाहिला. सगळे जोड उकलून पुन्हा डाख दिला. रेडिओ कपाटावर चढवला, खाली उतरवला. मग आमच्या दारात आले. "मनोहर, तुझा पंखा जरा बंद कर रे. त्याचा संशय येतोय मला." मी पंखा बंद केला. ते आत जाऊन ऐकून आले. "नाही, पंखा निर्दोष आहे. लाव." मी लावला. तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "विजेचा दाब कमीजास्त होत असेल."

रोज सकाळी ते त्या तुटक्या तारेच्या नळीला पाणी घालत होते. मीठ वाढवलं होतं.

पंधरा दिवसांनी, शनिवारी दुपारी, त्यांनी मला बोलावलं. "तुझे कान तरुण आहेत. घुंघुं नेमकी कुठून येते, सांग बघू." गेलो तर दार उघडंच होतं. तबकडी लागलेली होती आणि घुंघुं अजिबात नव्हती.

भाऊराव ओल्या गोणपाटावर अनवाणी उभे होते. एक बोट थाळीच्या लोखंडी पट्टीवर टेकलेलं. समोर काकू रेडिओच्या दोन्ही बाजूंना तळहात लावून, डोळे मिटून बसल्या होत्या.

तबकडी संपली. काकू मोठ्याने म्हणाल्या, "ही सनईची. मघाची पेटीची होती." भाऊरावांनी मान हलवली. तबकडी बदलायला त्यांनी बोट उचललं, तशी खोलीभर घुंघुं झाली. काकूंनी हात झटकन मागे घेतले. "आली परत ती माशी."

"हाताला कळतं तिला," भाऊराव माझ्याकडे न बघता म्हणाले. "घुंघुं असली की सगळ्या तबकड्या तिला एकच लागतात. अर्थिंगच्या जागी मी उभा राहिलो की थांबते. फक्त पायाला चिखल्या झाल्यात जरा."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटल्या होत्या.

"भाऊराव, तार मी तोडली."

"कुठे?"

"अळवात. कुदळीने."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरलं. "म्हणजे माझे जोड बरोबर होते." मग म्हणाले, "मिठाचं बोलला असतास तर कमी केलं असतं रे. मला वाटलं, अळू तुझं चांगलं चाललंय."

मी खणलं, त्यांनी तार जोडली. मला चार वेळा बाजूला सारून, कारण मी उजेडात उभा होतो. आत येऊन त्यांनी सनईची तबकडी पुन्हा लावली. सवयीने गोणपाटावर उभे राहिले, बोट टेकलं आणि काकूंकडे बघत हळूच उचललं. काकूंचे हात रेडिओवरच राहिले. थोड्या वेळाने त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "आता बसा की. पाय दुखत असतील."

दुसऱ्या दिवशी भाऊरावांच्या पायाला मलम लावलेलं होतं, म्हणून तांब्या घेऊन मी गेलो. वर गॅलरीत सावंत उभे होते. मी वर पाहिलं नाही. नळीला पाणी घातलं आणि वळलो, तर खिडकीतून आवाज आला.

"मीठ विसरलास."

मी घरात जाऊन मीठ घेऊन आलो.