दाणीकाकांचा लाइनअप

दाणीकाकांच्या घरी बेसबॉलची मॅच बघायला जायचं, तर आधी आपला नंबर माहीत असावा लागे. बेसबॉलमध्ये नऊ जण ठरलेल्या क्रमाने बॅटिंगला येतात, त्याला लाइनअप म्हणतात; काकांनी तोच घरात लावला होता. मोठ्या सोफ्यावर एक ते तीन, छोट्या सोफ्यावर चार आणि पाच, मुलाच्या कॉम्प्युटरच्या फिरत्या खुर्चीवर सहा, जेवणाच्या खुर्च्यांवर सात आणि आठ, खाली सतरंजीवर नऊ. टीव्हीच्या बाजूच्या आरामखुर्चीत स्वतः काका, कारण ते मॅनेजर, म्हणजे कोण कुठे ते ठरवणारे. माझा नंबर सातवा होता. सातवाच का, असं मी एकदा विचारलं.

"सातव्यावर भरवशाचा माणूस लागते," काका म्हणाले. "फार काही करत नाही, पण घोटाळाही करत नाही."

मी एका विमा कंपनीत जोखमीचे आकडे काढतो. माझं इतकं नेमकं वर्णन कंपनीतही कोणी केलेलं नाही.

ही गोष्ट २००२ च्या उन्हाळ्यातली, श्रूजबरीची. काका नागपूरचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. मुलाने, अनिलने, त्यांना आणि काकूंना मॅसॅच्युसेट्सला आणलं, घराची किल्ली दिली आणि तो ऑफिसला निघून गेला. टीव्हीवर क्रिकेट नव्हतं. काकांनी नाइलाजाने बॉस्टनच्या टीमची मॅच लावली आणि पहिले काही दिवस ती क्रिकेट समजूनच पाहिली. बोलर, म्हणजे इथला पिचर, धावत येत नाही म्हणून त्याला आळशी ठरवलं. बॅट टाकून पळणाऱ्याला वळण नाही असं ठरवलं. मग एक दिवस त्यांना शोध लागला, की बाहेरचे चार बॉल सोडून दिले तर फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, जाता येतं. त्या दिवसापासून ते या खेळाचे झाले.

"म्हणजे न मारण्याचे मार्क देतात," ते मला फोनवर म्हणाले. "सभ्य खेळ आहे, बाप्पा."

त्यांना षटकार मारणारे आवडत नसत. त्यांचा जीव बॉल सोडणाऱ्यांवर. बॉस्टनच्या मॅनेजरने एखाद्या आडदांड फटकेबाजाला पहिल्या नंबरावर पाठवलं, की काका आरामखुर्चीतून त्याची उलटतपासणी घेत. "अबे, काहून पाठवून राहिला याला? पहिल्यावर धीराचा माणूस लागते. हा तर बॉल दिसला की लग्नात जिलबी दिसल्यासारखा करते." मला आकडे पाहायची सवय, त्यामुळे मी एकदा हिशेब करून पाहिला. पहिल्या नंबरावर बेसवर पोचणारा माणूस हवा, हे काकांचं म्हणणं बरोबर होतं. तसं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "तुम्हाला त्यासाठी कॅल्क्युलेटर लागला का?"

जूनमध्ये टीम जिंकायला लागली आणि थांबेचना. मग नियम आले. जिंकताना जो जिथे बसला होता, त्याने तिथेच बसायचं. चालत्या गाडीचं चाक बदलायचं नाही. मी एकदा पायावर पाय टाकला आणि त्याच क्षणी आमचा बॅटर बाद झाला, तर काकांनी माझ्या पायाकडे असं पाहिलं, की मी तो स्वतः उचलून खाली ठेवला. माझी बायको सुनीता आठवी. एकदा तिला फोन आला, तर तिने तो खुर्चीवर बसूनच घेतला आणि आईला म्हणाली, "आई, मला उठता येत नाही, काकांची इनिंग चालू आहे."

मी समजावून पाहिलं. म्हटलं, "काका, दहातल्या सहा मॅच जिंकणारी टीम आहे असं धरा. ओळीने आठ जिंकायची शक्यता शंभरात दोनसुद्धा नाही. पण मोसमात एकशे बासष्ट मॅच असतात. कधीतरी असं होणारच. आपल्या खुर्च्यांचा काही संबंध नाही."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "तुम्ही फक्त खुर्ची सोडू नका."

चौथ्या नंबरावरचा शेजारी डॅन, जन्मापासून या टीमचा भक्त, त्याला आमचं मराठी कळत नसे. पण मुद्दा कळला. "ही इज राइट, यू नो," तो मला म्हणाला. त्याने जिंकायला लागल्यापासून दाढी केली नव्हती.

पहिला नंबर मात्र रिकामा असे. तो अनिलचा, आणि अनिल मॅच संपल्यावरच घरी येई.

अशा भरात आलेल्या गाडीत काकांनी संदीपला घेतलं. संदीप पुण्याचा, पस्तिशीच्या आतला, मागच्या अपार्टमेंटमध्ये एकटा राहायचा. बायको आणि लहान मुलगी पुण्यात. त्याचा प्रोजेक्ट बंद पडला होता आणि कंपनीने त्याला बेंचवर बसवलं होतं. बेंच म्हणजे काम नाही, नवा प्रोजेक्ट मिळेपर्यंत वाट बघायची. महिनाअखेरपर्यंत मिळाला नाही तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर व्हिसा. काकांना तो ग्रोसरीच्या दुकानात भेटला. तिथेच त्यांनी त्याला संध्याकाळच्या मॅचचं आमंत्रण दिलं. तो आला, पोह्यांची पिशवी घेऊन.

तो दारातच थांबला. मॅच चालू होती.

"ये ना, बस," काका म्हणाले.

"नको काका. मॅच संपली की येतो. मी पनवती आहे."

आम्ही हसलो. तो हसला नाही. कॉलेजच्या हॉस्टेलवर भारताची मॅच असली, की मुलं त्याला मेसमध्ये बसवून बाहेरून कडी लावत. तो टीव्हीसमोर आला की विकेट पडते, हे तिथे सिद्ध झालेलं होतं. "आणि इथे आल्यापासून यार, मी ज्या प्रोजेक्टवर जातो तो बंद पडतो. तीन झाले," तो म्हणाला. "मॅनेजर पण जोक करायला लागला होता."

काका उठले. चालू इनिंगमध्ये मॅनेजर खुर्चीतून उठल्याचं आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी मोठ्या सोफ्यावरची अनिलची उशी बाजूला केली.

"बेंचवर आहेस ना? मग ये. आमचा पहिला नंबर रिकामा आहे."

"काका, स्ट्रीक चालू असताना लाइनअप बदलायचा?" सुनीता म्हणाली. डॅन तर हात वर करून उभाच राहिला. "नो, नो, नो. यू डोन्ट टच इट."

"पहिल्यावर वाट पाहणारा माणूस लागते," काका म्हणाले. "याच्यापेक्षा जास्त वाट कोण पाहून राहिला इथं?"

संदीप सोफ्याच्या अगदी कडेला बसला. दोन्ही हात मांडीखाली. त्या दिवशी आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशीही. तो सोफ्यात हळूहळू मागे सरकत गेला. पुढे तो येताना चिवडा आणू लागला, डॅनला शिव्या मराठीत कशा द्यायच्या ते शिकवू लागला, मुलीचा फोटो काकूंना दाखवू लागला. दिवसा अर्ज पाठवायचा, फोनवर मुलाखती द्यायचा, आणि मॅचच्या वेळेला हजर. एकदा मुलाखत फिसकटल्यावर आला, तर कोणी काही विचारायच्या आत म्हणाला, "ते जाऊ दे, आज पिचर कोण आहे?"

मग एका रविवारी दुपारी टीम हरली.

साधीसुधी हरली नाही. शेवटच्या इनिंगपर्यंत पुढे होती आणि मग सगळं सांडलं. डॅन आपल्या दाढीवरून हात फिरवत बसला. संदीप उठला, दारात गेला आणि वाकून बूट घालायला लागला. लेस बांधायला त्याला फार वेळ लागत होता.

"मी सांगितलं होतं काका," तो खाली बघतच म्हणाला. "उगाच घेतलंत मला."

मला वाटलं, काका आता त्याची समजूत घालतील. पण ते चिडले.

"अबे, तू कोण मोठा लागून गेला? पलीकडची नऊ माणसं काय झोपली होती? त्यांनी मारलं, त्यांचा काही हक्क आहे का नाही? बॉस्टनचा मॅनेजर चांगल्या बॅटरला रविवारची सुट्टी देते, आणि बदनामी हा पुण्याचा घेऊन चालला."

संदीप दुसऱ्या बुटाची लेस बांधू लागला.

"उद्या संध्याकाळी मॅच आहे," काका म्हणाले. "पहिला नंबर तुझाच."

"आणि उद्या पण हरले तर?"

"तर परवा. ते रोज खेळतात, बाप्पा."

संदीप गेला, डॅन दाढी करायला गेला. काका अंगणात झाडांना पाणी घालायला गेले. सुनीता आणि मी खुर्च्या टेबलाशी लावत होतो. काकू बश्या गोळा करता करता म्हणाल्या, "यांचं मनावर नका घेऊ. त्या शब्दाचा राग आहे त्यांना."

कोणत्या शब्दाचा, असं आम्ही विचारलं. "पनवती," त्या म्हणाल्या.

काकूंनी सांगितलं ते दोन मिनिटांत संपलं. काका जन्मले त्याच महिन्यात त्यांचे वडील गेले. पांढऱ्या पायाचा पोरगा, असं चुलत्यांच्या घरात ठरून गेलं. कोणी परीक्षेला निघालं, कोणाची मुलगी दाखवायला न्यायची असली, की याला आधी स्वयंपाकघरात बसवायचे, म्हणजे निघताना तोंड दिसू नये. मोठ्या भावाचं वऱ्हाड निघालं, तेव्हा हे चुलीपाशी पाटावर बसून होते. गाड्या लांब गेल्यावर त्यांना बाहेर काढलं. "कधी बोलत नाहीत ते," काकू म्हणाल्या. "मला पण सासूबाईंनी सांगितलं." आणि नळ सोडून त्या बश्या विसळायला लागल्या.

संदीपला महिना संपता संपता प्रोजेक्ट मिळाला, टेक्सासमध्ये अर्विंगला. त्याची बायको-मुलगीही नंतर आली. काकूंना अजून दर दिवाळीला त्याचा फोन येतो. पण मला त्या उन्हाळ्यातलं आठवतं ते त्या रविवारनंतरचं सोमवारचं घर.

हरल्यावर लाइनअप बदलणं काकांच्याच नियमात बसत होतं, आणि आज कोण कुठे जाणार याची आम्हाला थोडी धास्ती होती. संदीप आला तो भिंतीला टेकून उभा राहिला, बसेना.

"सगळे आपापल्या जागेवर," काका म्हणाले. "माझीच जागा चुकत होती. टीव्हीच्या फार जवळ बसत होतो मी."

त्यांनी स्वयंपाकघरातलं उंच स्टूल ओढलं, ते तिथल्याच दाराच्या चौकटीत ठेवलं आणि त्यावर जाऊन बसले. तिथून टीव्हीचा जेमतेम कोपरा दिसत असेल. संदीप त्यांच्याकडे बघत राहिला, मग मुकाट्याने पहिल्या नंबरावर जाऊन बसला.

काकू चहा घेऊन आल्या, तर वाटेत स्टूल.

"इथून काही दिसतं का तुम्हाला?"

"ऐकू येते," काका म्हणाले.

संदीपने रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.