सगुणचा मोबाईल आधी जेवतो

आमचा शेजारी सगुण ताटावर बसला की लगेच जेवत नाही. आधी त्याचा मोबाईल जेवतो. ताट उजेडाकडे फिरवायचं, वाटी जवळ सरकवायची, माशाचं डोकं आपल्याकडे करायचं. मग उभं राहून वरून एक फोटो, वाकून बाजूने एक. तोवर माशाचं हुमण थंड. मग सगुण जेवतो.

आमच्या मये गावात त्याला ओळखत नाही असा माणूस नाही. उभा जन्म त्याने खाणीवरचा ट्रक चालवला, खाण बंद पडली तसा घरी बसला. लग्न केलं नाही. मोबाईल त्याला भाच्याने दिला. भाचा बोटीवर कामाला आहे. फोन इतका पातळ की पापडाच्या डब्यात ठेवला तर चुकून तळला जाईल.

सगुण त्याची पारख ट्रकसारखी करतो. बॉडी हलकी, पण इंजिन लवकर तापतं. उन्हात फोटो असा काढतो की फणसाचे काटे मोजून घ्यावेत, पण चुलीपाशी नेला की आंधळा. सकाळी टाकी फुल्ल केली तरी जेवणवेळेला डिझेल संपतं. आणि पातळपणाचा मोठा दोष म्हणजे खिशात आहे की पडला, हे कळत नाही. दोनदा तो शेणखतात सापडला. एकदा सगुण त्याच्यावर बसला, तेव्हापासून फोन थोडा वाकलेला आहे. "वाकलो म्हणान हातात बरो बसता," असं तो सांगतो. दुसऱ्या कुठल्या फोनची कोणी तारीफ केली की त्याचं ठरलेलं उत्तर, "ट्रायल घेतल्याबिगर बोलूचा नाय."

दसऱ्याला ट्रकची पूजा करायची सवय. ट्रक राहिला नाही, म्हणून ह्याने मोबाईल पाटावर ठेवला. झेंडू वाहिला, खाली लिंबू ठेवलं. ट्रकला कुंकू काचेवर लावतात, म्हणून ह्याने तेलात कालवलेलं कुंकू कॅमेऱ्याच्या काचेला लावलं. पंधरा दिवस गावातली गुरं, देऊळ, तळं, सगळं लालभडक येत होतं. माझी बायको तेव्हा इतकी हसली की पदर तोंडात धरून आत पळाली.

ती गेली त्याला वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो हवा, आणि माझ्याकडे तिचा फोटो नाही. आमच्या लग्नात फोटोवाला नव्हता, मूलबाळ नाही म्हणून पुढे घरात लग्नकार्य नाही, कार्य नाही म्हणून फोटो नाही. मतदानाच्या कार्डावर एक आहे, पण ती कुठली तरी रागावलेली बाई आहे, माझी नव्हे. कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवायची.

मग मला सगुण आठवला. खाण बंद झाल्यापासून तो दुपारी आमच्याच सोप्यावर जेवायचा. मासे तो आणायचा, रांधायची ती. त्याच्या मोबाईलमध्ये ती असणारच. ती गेल्यावर मी आपली पेज करून पितो, आणि त्याला जेवायला हाक मारायचं सोडलं. तो काय खातो, हे मी वर्षभर विचारलंही नाही.

त्याने फोन उघडला. ताटं. बांगड्याचं ताट, तांबड्या भाजीचं ताट, चवथीच्या खतखत्याचं ताट. शेकड्यांनी ताटं. बाई एकही नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, मेल्या, इतकी ताटं काढलीस, वाढणारी काढायला तुला काय झालं होतं?

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "दादा, वयनीचा तोंड कसा काढू? इचारल्याबिगर? ता बरा दिसता काय?"

मग विचारायचं होतंस, मी म्हटलं.

"इचारूक लाज वाटली."

फोन त्याच्या अंगावर फेकणार होतो, तेवढ्यात एका ताटाच्या कडेला हात दिसला. हिरव्या बांगड्या, हातात डाव, आणि आडोळीवर नारळ खवताना कापून वाकडी राहिलेली करंगळी. आधीचं ताट बघितलं, तिथेही हात. पुढच्यावरही. सगळ्या ताटांवर ती वाढत होती.

हात तर हात. तोंडाने तिने मला शिव्याच जास्त दिल्या, पोसलं ते हाताने.

दुसऱ्या दिवशी दोघे डिचोलीला फोटोच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, मशीनवरचा माणूस आज आलेला नाही, फोन ठेवून जा, उद्या न्या.

सगुणने फोन छातीशी धरला. खाणीच्या उतरणीवर ट्रकचे ब्रेक गेले तेव्हा हा माणूस विडी ओढत खाली आला होता. आता त्याचा चेहरा पडला.

"उद्या? मगे आज मी जेवू कसो?"

दुकानदार हसला. मी सगुणला बाहेर घेतलं आणि नीट विचारलं. तर म्हणे, वर्षभर तो दुपारी सुकी पोय, म्हणजे पोदेराकडचा कोंड्याचा पाव, आणि चहा घेतो. फोन पेल्याला टेकवतो, एक ताट उघडतो आणि त्याच्याकडे बघत पोय चावतो. वारसुद्धा पाळतो. सोमवारी भाजीचं ताट, बुधवारी बांगड्याचं.

मी परत दुकानात गेलो. म्हटलं, फोन राहणार नाही. तुझा माणूस आला की आम्ही येऊ. आणि फोटोच्या दोन प्रती काढ. एक माझ्या भिंतीला, एक ह्याच्या.

पायरीवर सगुणने हळूच विचारलं, "माझ्या भिंतीर रवलेला वयनीक चलात मां?"

"चलात," मी म्हटलं. "पण तिच्या फुड्यात सुकी पोय खाल्लस तर गाळी घालीत. चल, वाटेर बांगडे घेवया."