वरच्या पाळण्यातले रेडकर

चौपाटीवरच्या जुन्या बागेला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, तेव्हा दामोदर रेडकर आकाशपाळण्याच्या सगळ्यात वरच्या पाळण्यात बसलेले होते, त्यामुळे नियमाप्रमाणे तेही जतन झाले. पाळणा फिरवायचा नाही, शिडीही लावायची नाही, कारण तो मूळ रचनेत बदल ठरतो. जेवणाचा डबा मात्र दोरीने वर जाऊ शकतो, कारण तो देखभालीत मोडतो. त्यांच्या बायकोने, शालनबाईंनी, इतकी वर्षं तो न चुकता पाठवला. नवरा हाकेच्या अंतरावर आहे, यातच त्यांना समाधान होतं. कित्येकींचा घरात असूनही तेवढा जवळ नसतो.

यंदा जतन विभागाचे पारसनीस साहेब दुर्बीण घेऊन तपासणीला आले. रेडकरांचे केस पिकले आहेत, हे त्यांनी खेदाने सांगितलं. मूळ स्वरूप परत आलं नाही, तर रेडकरांना नागपूरच्या गोदामात हलवून इथे प्लास्टरचे रेडकर बसवावे लागतील. नागपूर काही हाकेच्या अंतरावर नव्हतं.

शालनबाईंनी लगोलग डब्यातून कलप पाठवला. रेडकरांनी तो आरशाशिवाय लावला, थोडा कानांनाही लागला. केस चालतील, असं साहेब म्हणाले, पण दुर्बीण काही खाली येईना.

"जतन झाले तेव्हा हे हसत होते. आता हसत नाहीत."

"तिथे बसून हसायला काय आहे, साहेब?"

"मग तेव्हा काय होतं?"

तेव्हा शालनबाई स्वतः होत्या. भीतीपोटी त्या पाळण्यात बसल्याच नव्हत्या. इथेच तिकीटघरापाशी उभ्या राहून, नवऱ्याने सांभाळायला दिलेल्या चपला छातीशी धरून, त्याला ओरडत होत्या. सगळी चौपाटी बघत होती. त्या चपला अजून त्यांच्या पिशवीत होत्या. त्यांनी त्या बाहेर काढून पुन्हा छातीशी धरल्या. नाहीच हसले तर? रेडकर वरून टकामका बघत होते.

"अहो, दांडी धरा. पडलात तर मला तोंड दाखवू नका."

रेडकर हसले. अगदी तेव्हासारखेच हसले.

पारसनीसांनी दुर्बीण मिटली. मूळ मांडणी आता पूर्ण झाली, असं म्हणून त्यांनी माणसं बोलावली आणि शालनबाईंभोवती लोखंडी कठडा बसवून घेतला. उरलेला कलप त्यांनाही लावायला सांगितला.

"मग यांचा डबा कोण पाठवणार?" शालनबाईंनी काळजीने विचारलं.

"विभाग पाठवेल. आता दोन डबे."

शालनबाईंचा जीव भांड्यात पडला. यांच्या भाजीत मीठ कमी घाला, यांना रक्तदाब आहे, एवढं मात्र त्यांनी कठड्याआडून बजावलं.