उजवीकडे झुकलेली जीप

सासऱ्यांनी आपली जुनी जीप हौसेने भेट दिली आणि पहिल्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की ती उजवीकडे झुकते. लोकांचे वाकडे दात सरळ करण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्याच्याच दारात वाकडी जीप!

"ड्रायव्हरच्या बाजूची स्प्रिंग बसलीये," गॅरेजवाला म्हणाला. "जोडीच बदला."

"सासऱ्यांची जीप आहे. जुनं काही टाकलं तर ते मला टाकतील."

मग डॉक्टरांनी स्प्रिंगवर बसवायच्या जाड रबरी चकत्या आणल्या आणि दवाखान्यामागच्या शेडमध्ये जॅक लावला. टेपने मोजलं तर उजवी बाजू तीन सेंटिमीटर खाली. "थोडं जास्तच असू दे," म्हणत त्यांनी चारची चकती घातली. जीप डावीकडे झुकली. डावीकडे दोनची घातली, ती पुन्हा उजवीकडे कलली. आठवडाभर हेच चाललं. शनिवारी सकाळी, सासरे येण्याच्या तासभर आधी, जीप पुन्हा डावीकडे झुकलेली होती आणि तिचा टप शेडच्या शटरपेक्षा दोन बोटं उंच झाला होता.

"अहो, ही बाहेर कशी काढणार?" बायकोने विचारलं.

डॉक्टरांनी हा विचारच केला नव्हता. "वजन टाकलं की बसेल खाली," ते म्हणाले.

"कुणाचं वजन?"

डॉक्टरांनी दवाखान्याकडे पाहिलं. बाहेर सहा पेशंट ताटकळत बसले होते.

पाच मिनिटांत सहाही जण जीपमध्ये होते. त्यातल्या एका काकांना डॉक्टरांनी नुकतंच भुलीचं इंजेक्शन दिलं होतं. "दॉक्तल, माझी दाध?" ते अर्ध्या तोंडाने विचारत होते.

"आधी जीप, मग दाढ. माना खाली घाला सगळ्यांनी!"

टप शटरला चाटून जीप बाहेर आली, ती थेट वेळेआधीच आलेल्या सासऱ्यांच्या पुढ्यात. सासरे म्हणजे सव्वाशे किलोंचा ऐवज. त्यांनी एकेका पेशंटला उतरताना पाहिलं आणि सगळी हकिकत ऐकून घेतली.

"जावईबापू, चाकांची हवा काढली असती तर?"

डॉक्टरांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. पेशंट एकमेकांकडे बघू लागले.

सासरे कौतुकाने जीपभोवती फिरले, मग दार उघडून स्टिअरिंगमागे बसले. उजवी बाजू हळूच खाली आली. डॉक्टरांनी धावत जाऊन टेप लावला. उजवीकडे एक्क्याऐंशी, डावीकडेही एक्क्याऐंशी! सासरे उतरले, जीप झुकली. डॉक्टर स्वतः बसले, तिने दखलच घेतली नाही. सासरे पुन्हा बसले आणि ती अगदी सरळ उभी राहिली.

"वीस वर्षं मी तिरका बसून चालवली हो हिला," सासरे स्टिअरिंगवरून हात फिरवत म्हणाले. "जावईबापू, राग मानू नका, पण... मी नेतो हिला परत."

सासऱ्यांना नाही कोण म्हणणार? हॉर्न वाजवत जीप निघाली.

डॉक्टर रिकाम्या शेडसमोर उभे राहिले.

"वाईट वाटलं?" बायकोने विचारलं.

"वाटलं ना." त्यांनी रस्त्याच्या वळणाकडे मान वळवली. "पण सरळ गेली ना गं?"

"एकदम सरळ," ती म्हणाली.