भगवानमामाची शेगडी

आमचा भगवानमामा कुठंही मुक्कामाला निघाला, की कपड्यांची पिशवी विसरतो, चष्मा विसरतो, एकदा तर पायात चपला घालायलाही विसरला होता. पण शेगडी विसरत नाही. लहान सिलिंडर, त्यावर बसणारी शेगडी, लोखंडी तवा, काठवट आणि ज्वारीच्या पिठाचा डबा एवढा संसार त्याच्याबरोबर फिरतो.

मामा करमाडला राहतो. थोडी शेती आहे, आणि उमेदीची सगळी वर्षं शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी केली. तिथल्या कॅन्टीनमध्ये त्याने चहाशिवाय कशाला तोंड लावलं नाही. माझ्या लग्नात सगळं वऱ्हाड गुलाबजामांवर तुटून पडलं होतं, तेव्हा हा नवरीचा सख्खा मामा मंगल कार्यालयाच्या मागच्या पायरीवर बसून फडक्यातली भाकरी आणि ठेचा खात होता. माझे सासरे घाबरून त्याच्याकडे गेले.

"मामा, काही चुकलं का?"

"कोणाचंच नाय पाव्हणं," मामा म्हणाला. "पर ज्यानं रांधलं, त्यानं खाणाऱ्याचं तोंड बघितलंय का? नाय ना? मंग ते जेवण नव्हं. ती नुसती हजेरी."

हॉटेल म्हणजे हजेरी, लग्न म्हणजे हजेरी, बारसं म्हणजे तर उभ्या उभ्या लावलेली हजेरी. मासे तो खात नाही, कारण 'ते कुठं फिरलं, काय खाल्लं, कोणाला ठावं.' मटण खातो, पण बकरं ओळखीचं पाहिजे.

गेल्या दिवाळीच्या आधी माझे बाबा गेले. आईला मी शहरात, आमच्याकडे पुंडलिकनगरात घेऊन आले. आई तशी रडली-भेकली नाही. फक्त जेवायची बंद झाली. ताटावर बसायची, चतकोर भाकरी चिवडायची आणि "भूक नाही गं" म्हणून उठायची. स्वयंपाकघराच्या तर उंबऱ्यावरूनच परत फिरायची. जिनं जन्मभर दुसऱ्या बाईला आपल्या पोळपाटाला हात लावू दिला नाही, ती आता मी केलेल्या वाकड्या पोळ्यांना नावंसुद्धा ठेवत नव्हती. मला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली.

शेवटी माझा नवरा महेश म्हणाला, "चार दिवस समुद्रावर जाऊ. आईंना हवापालट होईल." मी मामाला फोनवर सांगितलं.

"समुद्रावर? अन् जेवणाचा इंतजाम?"

"तिथं घरगुती जेवण मिळतं, मामा."

"कोणाच्या घरचं?"

निघायच्या सकाळी आम्ही दार उघडलं, तर मामा पायरीवर बसलेला, शेजारी शेगडी. "जावईबापू, डिकी उघडा," एवढंच म्हणाला. महेशने निमूटपणे आमच्या दोन बॅगा काढून माझ्या मांडीवर द्यायची तयारी केली.

दापोलीच्या पुढं एका लहान गावात आम्ही खोल्या घेतल्या होत्या. घराच्या मागं माड, माडांच्या मागं वाळू आणि तिथून सुरू होणारा समुद्र. मामाने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला.

"एवढं पाणी," तो म्हणाला, "अन् घोटभर प्यायच्या कामाचं नाय. आमच्याकडं नळाला करंगळीएवढी धार येते, पर ती गोड असती."

घराच्या मालकीणबाईंना सगळे काकू म्हणत. त्यांनी पानं मांडली: भात, आमटी, फणसाची भाजी, सोलकढी. मामाने हात जोडले. "बाई, तुम्ही लई मायाळू दिसता. पर मला मागल्या अंगणात जरा जागा द्या. माझं मी बघतो."

काकू आधी दुखावल्या, मग चिडल्या, आणि मग माडाखाली शेगडी पेटवून भाकऱ्या थापणारा हा म्हातारा बघायला पदर खोचून उभ्या राहिल्या. मामाच्या भाकरीला नाव ठेवायला जागा नसते. पातळ, गोल, आणि तव्यावरून आचेवर गेली की टम्म फुगणारी. पहिल्या दिवशी त्याने भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी केली. काकूंनी दोनदा चटणी मागून घेतली. आईने चतकोर मोडली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी येसराची आमटी. बरोबर आणलेला येसराचा मसाला पाण्यात कालवून त्याने अशी झणझणीत आमटी उकळली, की महेशच्या डोळ्यांतून आणि नाकातून एकदमच पाणी यायला लागलं. "जावईबापू, वाईच दम धरा, हे सासुरवाडीचं हाय," मामा म्हणाला. आम्ही हसलो. आईही हसल्यासारखी झाली. पण ताट तसंच राहिलं. मामा उरलेला घास गायीला घालायला म्हणून उचलून घेऊन गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मामाने पिठाचा दुसरा डबा उघडला. आई बाजूला खुर्चीवर समुद्राकडे तोंड करून बसली होती. मामाने पहिली भाकरी थापली, ती उचलतानाच तिचे तीन तुकडे झाले. दुसरी तव्यावर फाटली. तिसरीचा नुसता भुगा झाला. काकू म्हणाल्या, "वाऱ्यामुळे होत असेल हो." मामा मान खाली घालून थापत राहिला. आईची मान मात्र वळली.

"दादा, काय करतोस तू?"

"भाकरी."

"ही भाकरी हाय? अरे, पिठाला विरी नाय. चिकटणार कसं ते? कधी दळलं?"

"दळलं आसंल कधीतरी."

"आसंल म्हणजे? आन् गार पाण्यात मळतोस व्हय रे? आधण ठेव की आधी!"

"मला जमतंय. तू बस गप."

"काय जमतंय? तुकडं जमतेत तुला! हो बाजूला. हो म्हणते ना!"

आणि माझी आई, जी कित्येक महिने स्वयंपाकघरात आली नव्हती, ती पदर खोचून वाळक्या झावळीवर बसली. तिने पाण्याला उकळी आणली, पीठ उकडून घेतलं, तळहाताने रगडून रगडून मळलं आणि भाकरी थापायला लागली. पुटपुटत होती, "म्हातारा झालास पर अक्कल नाय आली. आयनं शिकवलं सगळं वाया." भाकरी फुगली. तिने ती माझ्या ताटात टाकली. दुसरी महेशला, तिसरी काकूंना.

मी मामाकडे बघितलं. मूठभर पीठ शिळं निघालं म्हणून गिरणीवाल्याशी बोलणं टाकणारा माणूस. त्याच्या घरात विरी गेलेलं पीठ?

मामा तिथं नव्हता. तो वाळूत पुढं जाऊन बसला होता. मी त्याच्या मागं गेले. सूर्य पाण्याला टेकला होता.

"मामा, जुनं पीठ मुद्दाम आणलंत ना?"

"हळू बोल," तो म्हणाला. "खाऊ घालून बघितलं, नाय खाल्लं तिनं. मंग म्हणलं, हिच्या हाताला काम देऊ. लहानपणापासून हिला दुसऱ्यानं केलेला चुराडा बघवत नाय."

"मग चला ना जेवायला. गरम आहे तोवर."

"नगं. मी समोर बसलो की ती मलाच वाढत बसंल. तिचं होऊ दे आधी." मग पाण्याकडे बघत म्हणाला, "वैशू, तुझी मामी गेली ना, तवा भाकरी करपली तरी बोलणारं घरात कोणी नव्हतं. चांगली झाली तरी नाय. मी दोनी भाकऱ्या सारख्याच खायचो. लई वाईट असतंय गं ते. तिला तसं नगं व्हायला."

एवढी वर्षं आम्ही मामाच्या भाकरीला हसलो होतो, पण करमाडच्या त्या घरात तो कोणाशी बोलत जेवतो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसून राहिले.

मागून पावलं वाजली. आई ताट घेऊन आली होती. दोन भाकऱ्या, त्यावर पिठलं, कांदा फोडलेला. ती वाळूत फतकल मारून बसली आणि ताट दोघांच्या मध्ये ठेवलं.

"मला ठावंय तू का आला इथं," ती म्हणाली. "जेव मुकाट्यानं."

मामाने घास घेतला. आईने घेतला. मग तिने दुसरा घेतला, आणि तिसराही. समुद्रावरून वारा सुटला होता आणि वाळू उडत होती. मामा जेवता जेवताच उठला, ताटाच्या पलीकडं गेला आणि वाऱ्याकडे पाठ करून बसला, तिच्या घासात वाळू जाऊ नये म्हणून.